मंडळीच्या प्रार्थनेला कंठ फुटला

अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत असे. एखाद्या क्षेत्री मुक्काम पडला म्हणजे देवळाच्या मंडपात किंवा नदीच्या घाटावर बैठक घालावयाची, पोथी सोडावयाची आणि पुराण वाचावयाचे, हा त्यांचा नित्यक्रम. श्रोते येत, पोथीपुढे फळ, फूल, तांदूळ, पैसा ठेवीत, घटकाभर बसत आणि उठून जात. वाचन संस्कृतात चाले. त्याचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज वाचणाऱ्यास भासत नसे आणि ऐकणाऱ्यासही भासत नसे. शब्द कानांवर पडले की श्रवणाचे पुण्य पदरी पडते, अशी उभयतांची श्रद्धा होती. या कुटुंबातील धाकट्या मुलीला बालवयातच भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत झाले होते. पुढे जी पंडिता रमाबाई म्हणून विख्यात झाली, ती हीच. जन्म १८५८ चा. १८७४ नंतरच्या दुष्काळात आईवडील आणि वडील बहीण अन्नान्न करीत गेली. उपासतापास, अनुष्ठाने, दानधर्म यांपैकी काही करावयाचे बाकी राहिले नव्हते.

रमाबाईंच्या चरित्रातील पुढील प्रसंग सर्वश्रुत आहेत. कलकत्त्यास १८७८ मध्ये मिळालेला मान, अल्पकाळाचा संसार, वैधव्य, पुण्याचा आर्य महिला समाज, इंग्लंडचा प्रवास, १८८३ साली वाँटेज येथे घेतलेला बाप्तिस्मा, मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी उघडलेले शारदासदन आणि १८९३ मध्ये पुण्यात उठलेले वादळ यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्या मानाने एक गोष्ट दुर्लक्षित राहिली. मराठी ख्रिस्ती मंडळीने प्रार्थना कशी करावी, हा प्रश्न या बाईंनी ज्या धीटपणे हाती घेतला, तसा तो त्या काळी फार थोड्यांनी घेतला असेल.

या धीटपणाचे मूळ त्यांच्या स्वतःच्या अनुभवात आहे. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षे लोटल्यावर त्यांना उमगले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण ज्याच्या नावाने तो चालतो तो ख्रिस्त अजून सापडलेला नाही. पुढे आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी हे स्पष्ट लिहून ठेवले. धर्मांतर केलेल्या विदुषीने, आणि तेही तिच्यावर चहूंकडून टीका होत असता, अशी कबुली द्यावी ही सामान्य गोष्ट नव्हे. उपासनेचे विधी ठाऊक असणे आणि प्रार्थना करता येणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्या तेव्हाच शिकल्या. घाटावरचे पुराणवाचन आणि गिरजाघरातील ठरीव प्रार्थना यांत, नुसत्या उच्चाराने काम भागते असे मानले तर, फारसे अंतर उरत नाही. हे अंतर्मनातून जाणण्यास पुराणिकाचीच मुलगी हवी होती.

त्यांच्या प्रार्थनेची रीत मोठी व्यवहारी होती. १८९६ च्या सुमारास लोणावळ्यास ख्रिस्ती लोकांचा मेळा भरत असे. तेथे रानात एकांती बसून त्यांनी आपल्या सदनातील प्रभूकडे वळलेल्या पंधरा मुलींबद्दल देवाचे आभार मानले आणि या पंधरांचा वर्ग कर, अशी मागणी केली. पंधरांचा वर्ग दोनशे पंचवीस. एवढ्या मुलींना ठेवावयास घर नव्हते की खावयास घालण्यास पैसा नव्हता. पुढच्याच वर्षी मध्यप्रांतात दुष्काळाने कहर केला आणि तेथून आणलेल्या अनाथ मुलींची संख्या तीनशेच्या घरात गेली. पुण्यात प्लेगामुळे नवी माणसे ठेवण्यास सरकारी मनाई झाली, तेव्हा या मुली पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगाव येथे, रमाबाईंनी घेऊन ठेवलेल्या जमिनीवर, झोपड्यांत उतरल्या. १८९८ मध्ये तेथे मुक्तिसदनाचा पाया पडला. त्यानंतर गुजराथेत दुष्काळ आला आणि वस्ती दीड-दोन हजारांवर गेली.

एवढ्या मुलींना जेवू घालणे, शिकविणे, विणकाम, शेतकाम, छपाई यांत त्यांना तरबेज करणे, हा व्याप केवढा असेल याची कल्पना करवत नाही. शेकडो मुलींनी बाप्तिस्मा घेतला. उपासना होत, गीते म्हटली जात, घंटा वाजली की मुली रांगेने येऊन बसत. बाहेरून पाहणाऱ्यास ही एक नमुनेदार मंडळी वाटली असती. रमाबाईंना मात्र तसे वाटले नाही. पोटाच्या आगीतून सुटून आलेल्या पोरींनी ज्या हाताने अन्न मिळाले त्या हाताचा धर्म घ्यावा, यात नवल नाही; पण तेवढ्यावर समाधान मानणारी बाई ती नव्हती.

ऑस्ट्रेलियात सुवार्तिक टॉरी यांच्या सभांपूर्वी घरोघर लहान लहान प्रार्थनामंडळे बसविण्यात आली होती, असे त्यांच्या कानी आले. ही व्यवस्था प्रत्यक्ष पाहून यावी आणि केडगावासाठी प्रार्थना करणारी माणसे तेथे मिळवावीत, म्हणून त्यांनी कन्या मनोरमाबाई आणि अमेरिकन सहकारी मिस मिनी अब्राम्स यांना तिकडे धाडले. नंतर १९०५ च्या आरंभी केडगावात एक प्रार्थनामंडळ सुरू झाले. रोज सकाळी सुमारे सत्तर जणी एकत्र जमत. त्यांचे मागणे काय होते, ते रमाबाईंनीच नोंदवून ठेवले आहे. हिंदुस्थानातील सर्व ख्रिस्ती लोकांचे खरेखुरे हृदयपरिवर्तन व्हावे, आणि त्यांत आम्हीही आलोच. हे शेवटले शब्द महत्त्वाचे आहेत. दुसऱ्यांच्या उद्धारासाठी प्रार्थना करणारे लोक पुष्कळ सापडतात. पण स्वतः सदनाच्या चालिकेने आपले नाव त्याच यादीत घालून घेतले होते.

यादी हा शब्द येथे केवळ अलंकार म्हणून योजलेला नाही. ज्यांच्यासाठी प्रार्थना करावयाची, अशा माणसांच्या नावांच्या खरोखरीच याद्या तयार होत आणि त्या मुलींमध्ये वाटून दिल्या जात. जिला लिहितावाचता येऊ लागून फार दिवस झाले नाहीत, अशा मुलीने हातातील कागदावरचे एक अनोळखी नाव वाचावे आणि त्या माणसासाठी रोज देवाशी बोलावे. वरकरणी ही गोष्ट क्षुल्लक दिसते. पण जी मुलगी आजवर जगाच्या दयेची केवळ भिकारीण होती, ती आता कोणासाठी तरी मध्यस्थी करणारी झाली. तिच्या प्रार्थनेवर कोणाचे तरी काही अवलंबून आहे, असा तिच्यावर विश्वास टाकला गेला. प्रार्थनेचे महत्त्व पटविणाऱ्या प्रवचनांपेक्षा या कागदाच्या चिटोऱ्यांनी अधिक काम केले असावे.

सकाळच्या मेळाव्यातील संख्या वाढत गेली. जूनपर्यंत साडेपाचशेच्या आसपास मुली व बाया दिवसातून दोनदा जमू लागल्या. दरम्यान, वेल्समध्ये १९०४ साली उसळलेल्या धर्मसंजीवनाच्या वार्ता येऊन थडकल्या होत्या आणि वेल्श मिशनच्या खासी टेकड्यांतही तशीच चळवळ सुरू झाल्याचे कळले होते. अपेक्षा वाढली. २९ जूनच्या पहाटे मुलींच्या निजण्याच्या दालनात एक मुलगी पश्चात्तापाने आणि आनंदाने विव्हळ होऊन प्रार्थना करू लागली. जवळच्या मुलीला ती ज्वाळांनी वेढल्यासारखी दिसली, म्हणून ती पाण्याची बादली आणावयास धावली. आणि ती ओतणार तोच आग नसल्याचे तिच्या ध्यानी आले, असे मिस अब्राम्स यांनी लिहिले आहे. या दृश्याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेनुसार लावावा. पाण्याची बादली मात्र विसरण्याजोगी नाही. दुष्काळातून वाचलेल्या त्या पोरीला पहिल्याप्रथम सुचले ते मैत्रिणीला वाचविणे.

दुसऱ्या दिवशी रमाबाई नेहमीच्या संथ रीतीने योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून सांगत होत्या. सांगता सांगता मुली मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. कोणी गुडघे टेकून, कोणी बसून, कोणी उभ्याने हात पसरून. बहुतेकींच्या डोळ्यांना धारा लागलेल्या. सर्वजणी एकसमयावच्छेदेकरून बोलत होत्या. बाईंचा शब्द कोणास ऐकू जाईना. त्यांनी बोलणे थांबविले.

या थांबण्यातच त्या दिवसाचा इतिहास सामावला आहे. शिकविणे ज्यांचा जन्मजात धर्म, ज्यांच्या व्याख्यानाने कलकत्त्याचे पंडित थक्क झाले होते, त्यांनी आपल्याच सदनात, आपल्याच मुलींपुढे मौन धरले. मुलींना गप्प बसविणे त्यांना अवघड नव्हते. एका घंटेने ते झाले असते.

टीका व्हावयाची ती झालीच. मिशनच्या मंडळ्यांत तोवर रूढ असलेली रीत अशी की, एकाने प्रार्थना चालवावी, इतरांनी डोळे मिटून ऐकावे आणि अखेरीस ‘आमेन’ म्हणावे. त्या शिस्तीत वाढलेल्यांना शेकडो कंठांचा हा कल्लोळ असह्य वाटला. हा उन्माद आहे, भावनेचा अतिरेक आहे, असे आक्षेप निघाले. त्यांत तथ्यांश मुळीच नव्हता असे म्हणता येणार नाही. तशा गर्दीत एकीचे पाहून दुसरी रडते, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. आपल्याकडून चुका होतात, हे रमाबाईंनीही नाकारले नाही. पण पाश्चात्त्य माणसाच्या शांततेला शिस्त म्हणावे आणि हिंदी माणसाच्या आक्रोशाला गोंधळ म्हणावे, हा न्याय त्यांना मान्य नव्हता. हिंदी ख्रिस्ती माणसाने देवापुढे हिंदी माणसासारखेच उभे राहावे, त्याला हसू आले तर हसू द्यावे, रडू आले तर रडू द्यावे, अशी त्यांची भूमिका होती. त्या स्वतः आरडाओरडा करणाऱ्यांपैकी नव्हत्या. स्वतःचा स्वभाव निराळा असून दुसऱ्याच्या रीतीची पाठराखण करणे, हे अधिक कठीण. त्यांनी मुलींची वर्तणूक पाहिली. चोरलेल्या वस्तू परत येऊ लागल्या, भांडणे मिटू लागली, आणि सुवार्ता सांगण्यासाठी पाळीपाळीने गावोगाव जाणाऱ्या टोळ्या उभ्या राहिल्या. त्यांना तेवढी साक्ष पुरेशी होती.

आपल्या भाषेत आणि आपल्या रीतीने देवाशी बोलू द्या, ही मागणी मराठी मुलखात केडगावास प्रथम झाली असे मात्र नाही. तिची सर्वांत जुनी नोंद गोमंतकात सापडते. सासष्टीत काम करणारे इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ मध्ये गोव्यास आले. त्यांच्या ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच असा प्रसंग आहे की, रविवारी मुलांना धर्मशिक्षण दिले जात असता एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने प्रश्न केला: आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, ते असो, पण त्यांच्या जागी आम्हांस तसे काही द्याल की नाही? फादरांनी या प्रश्नाचे उत्तर सुमारे अकरा हजार ओव्यांनी दिले. १६१६ साली राचोल येथे तो ग्रंथ छापला गेला. नागरी टाइप करविण्याची त्यांची इच्छा सफल झाली नाही म्हणून मराठी ओवी रोमन लिपीत उतरली, हा दैवदुर्विलास होय. तरी ती देवळांतून आणि घरांतून वाचली गेली, लोकांच्या ओठांवर बसली. १६८४ च्या फर्मानाने पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेवरच घाला घातला. तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांनीच हा ग्रंथ वाचविला. ज्या सुमारास केडगावच्या प्रार्थनेवर वाद चालला होता, त्याच सुमारास, म्हणजे १९०७ मध्ये, मंगळुरास त्याची नवी आवृत्ती निघाली. या दोन घटनांचा परस्परसंबंध काही नाही, पण योगायोग मोठा बोलका आहे.

देशावरील प्रॉटेस्टंट मंडळ्यांची अडचण निराळी होती. त्यांच्यापुढे भाषेची बंदी नव्हती. अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून अहमदनगरास काम करीत होते. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ निघाले. शास्त्र मराठीत उतरले. पण उपासनेत जी गीते म्हटली जात त्यांपैकी पुष्कळशी इंग्रजी गीतांची भाषांतरे होती आणि चालीही तिकडच्याच. मराठीचे लघुगुरू त्या चालींत बसत नसत. जेथे आघात नको तेथे तो पडे, ऱ्हस्व अक्षर ताणले जाई, आणि अर्थाची मोडतोड होई. नगरचे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा पाडून या कोंडीस वाट करून दिली होती. ती वाट रुंद केली नारायण वामन टिळकांनी.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. हा पूल त्यांनी मागे जाळून टाकला नाही. उलट सगळ्या मंडळीला त्यावरून ये-जा करता यावी असा यत्न केला. अभंग, भजन, कीर्तन, टाळ, मृदंग, जमिनीवरची बैठक, हे सर्व त्यांनी उपासनेत आणले. ख्रिस्ताला त्यांनी माउली म्हटले, गुरु म्हटले. मंडळीतील कित्येकांना ही मागल्या दाराने जुन्या धर्माची वापसी वाटली. नगरच्या ख्रिस्ती समाजात महार व मांग समाजांतून आलेल्यांचा भरणा होता. ज्या देवळाच्या पायरीवरही त्यांना उभे राहू दिले नव्हते, त्या देवळाचे सूर आता कशाला, असा प्रश्न कोणी केला असता तर तो अगदीच अनाठायी ठरला नसता. तथापि अभंग हा काही केवळ देवळाच्या आतल्यांचा नव्हता. चोखोबांनी तो पायरीबाहेर उभे राहूनच म्हटला होता.

अभंगाचा एक गुण टिळकांनी बरोबर हेरला. त्याला पुस्तक लागत नाही. बाके लागत नाहीत, ऑर्गन लागत नाही, पाळकही लागत नाही. रविवारी देवळात ऐकलेला अभंग सोमवारी रानात, मंगळवारी जात्यावर आपसूक ओठांवर येतो, आणि मग ती प्रार्थना कोणी सांगितलेली राहत नाही. मंडळीचे प्रार्थनाजीवन खोल करा, असा उपदेश अधिवेशनांतून चालत असता टिळकांनी त्या खोलीत उतरण्यास पायऱ्या बांधून दिल्या. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आजही त्यांच्या रचनांचा वाटा मोठा आहे, आणि मुंबईपासून खेड्यातील पत्र्याच्या देवळापर्यंत ती गीते म्हणणाऱ्यांतील कित्येकांना कवीचे नावही ठाऊक नसते.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त येथे एकत्र बसावेत, ही कल्पना. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, टिळक वारले आणि दरबार मूळ धरण्यापूर्वीच ओसरला. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. ते पुरे करण्याचे काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले. ज्या बाईंनी नवऱ्याच्या धर्मांतरानंतर पाच वर्षे त्या वाटेस पाऊल घातले नव्हते, त्यांनी त्याच्या काव्याची अखेर करावी, ही कथा स्वतंत्र भाषणाचा विषय होईल.

केडगावास रमाबाई तोवर एका जुन्याच ऋणाची फेड करीत बसल्या होत्या. त्या वेळचे मराठी शास्त्र त्यांना संस्कृतप्रचुर वाटे. खेड्यातील बाईला ते वाचून दाखविले तर पुन्हा घाटावरचीच गत, शब्द कानांवर पडावयाचे आणि अर्थ पोथीतच राहावयाचा. त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला आणि सगळे शास्त्र सोप्या मराठीत उतरविण्यास घेतले. पुष्कळ वर्षे हे काम चालले. शरीर थकले, कान जवळजवळ गेले. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. आईने लेखणी खाली ठेविली नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. १९२४ साली तो ग्रंथ मुक्तिसदनाच्याच छापखान्यातून बाहेर पडला. खिळे जुळविले, कागद छापले, ते सदनातील स्त्रियांनी.